धुळ्यासाठी दोन दाबा

भाच्याच्या पेढीत नवा फोन बसला असं सगळे म्हणतात, पण बसलेला कुठे दिसत नाही. जुना टेबलावर बसायचा. त्याला वायर होती, वायरीला गाठी पडायच्या आणि दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की आप्पा रिसीव्हर लोंबता सोडून त्या गाठी उलगडत बसायचे. नव्याचं सगळं म्हणे ढगात असतं. जळगावच्या आभाळात औषधालाही ढग नसताना, ऐन मे महिन्यात, ही ढगातली व्यवस्था सुरू करायचं ठरलं.

पेढी बियाण्यांची, खतांची आणि ठिबकच्या सुट्या भागांची. मुख्य दुकान जळगावला, शाखा धुळ्याला, आणि नंदुरबारला एक माणूस व एक मोटारसायकल. जून जवळ आला की फोन थांबत नाहीत. कपाशीचं अमुक वाण आलं का, केळीची टिशूची रोपं कधी मिळतील, मागची उधारी किती निघते. हे सगळे फोन आजवर आप्पा घेत. आवाजावरून गाव ओळखत आणि भाव सांगायच्या आधी तिकडे पाऊस पडला का ते विचारत. आप्पा निवृत्त झाले. (ही गोष्ट पेढीत अजून कोणालाच पटलेली नाही. ते रोज अकराला येतात, फक्त पगार घेत नाहीत.) त्यांच्या जागी माणूस मिळेना, म्हणून यंत्र आणलं. आता यंत्राला आवाज हवा.

“मामा, तुम्ही आयुष्यभर पोरांना मराठी शिकवलं. तुम्ही फक्त ऐका आणि कोणता घ्यायचा ते सांगा,” भाचा म्हणाला. फक्त ऐकायचं काम मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी दिलं होतं.

नमुने पुण्याच्या एका कंपनीकडून मोबाइलवर आले. प्रत्येकाला नाव होतं, पण माणसाचं नाही. एक ‘वॉर्म फीमेल’, एक ‘ट्रस्टेड मेल’, एक ‘यंग अँड एनर्जेटिक’, आणि एक संगणकाने स्वतःच घडवलेला, त्याला नुसता क्रमांक. सगळे एकच वाक्य बोलत होते. संपर्क साधल्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद आणि आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. वॉर्म फीमेल इतकी वॉर्म, की मे महिन्यात जळगावात ती ऐकवेना. ट्रस्टेड मेल विमा गळ्यात मारल्याशिवाय सोडणार नाही असं वाटत होतं. यंग अँड एनर्जेटिकला मिश्र खतात एवढा आनंद कशाचा होत होता ते शेवटपर्यंत समजलं नाही. “महत्त्वाचा आहे तर उचला ना भो,” आप्पा म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

खरी गंमत गावांच्या नावांपाशी झाली. क्रमांकवाल्या आवाजाने जळगावचा ज ‘जीवन’मधल्या जसारखा म्हटला. चोपडा, पाचोरा, चाळीसगाव या तिन्ही ठिकाणचा च त्याने ‘चिमणी’तून उचलला. लिहिताना दोन्ही च सारखेच दिसतात. कोणता कुठे, हे पोराला चालायला लागायच्या आधी कळलेलं असतं, आणि ज्याला तेव्हा कळलं नाही त्याला व्याकरणाचं पुस्तकही सांगू शकत नाही. ट्रस्टेड मेल बहुधा हिंदी मुलखातला असावा, कारण त्याने ळ साफ गाळला आणि पारोळ्याचा पारोला केला. “हा माणूस चोपड्याला कधी गेलेला नाही,” असा आप्पांनी निकाल दिला. आवाजाची परीक्षा घ्यायची याहून चोख पद्धत मला सुचली नाही.

आवाज निवडायला परीक्षक बसवणारे आम्हीच पहिले, असा कोणी समज करून घेऊ नये. १९३६ साली लंडनमध्ये फोनवरून वेळ सांगणारं घड्याळ सुरू झालं. त्याला आवाज हवा म्हणून तिथल्या टपाल खात्याने आपल्याकडच्या सुमारे १५ हजार टेलिफोनवाल्या बायकांमधून एकीची निवड केली. परीक्षकांत इंग्लंडचे राजकवी जॉन मेसफील्ड होते. ज्यांनी समुद्रावर कविता लिहिल्या, त्यांनी खुर्चीत बसून ‘तीन वाजून दहा मिनिटं’ कोण अधिक सुरेख म्हणतं ते ऐकलं. एथेल केन नावाची मुलगी निवडली गेली. तिला दहा गिनी बक्षीस मिळालं आणि तिचा आवाज काचेच्या तबकड्यांवर भरून घेतला. त्याच्याही आधी, १८७८ साली, बॉस्टनच्या टेलिफोन कचेरीत एमा नट ही पहिली बाई कामाला लागली, कारण तिथली पोरं गिऱ्हाइकांशी उर्मटपणे बोलत आणि खोड्या काढत. आपल्या वॉर्म फीमेलची पणजी ती. पोरांनी नीट वागून घेतलं असतं तर आज जगभरातल्या बँका आणि कचेऱ्या कोणाच्या आवाजात बोलल्या असत्या कोण जाणे.

आवाज ठरण्याआधीच दुसरं भांडण उभं राहिलं. मजकुराच्या कागदावर लिहिलं होतं : जळगावसाठी एक दाबा, धुळ्यासाठी दोन दाबा, नंदुरबारसाठी तीन दाबा. हा कागद धुळ्याला पोचला आणि तिथून जिभाऊंचा फोन आला. जिभाऊ धुळ्याची शाखा पहिल्या दिवसापासून सांभाळतात.

“मामा, आम्ही दोन का?”

मी म्हटलं, कोणाला तरी दोन व्हावंच लागणार. त्यावर जिभाऊंनी मला इतिहास सांगितला, आणि तो खरा आहे. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. तोवर सगळ्या खानदेशाची कचेरी धुळ्याला होती. जळगावच्या माणसाचं सरकारदरबारी काही काम निघालं, तर त्याला धुळ्यालाच यावं लागे. “तेव्हा तुम्ही दोन होते,” जिभाऊ म्हणाले. फोनच्या बटणांवर अशी शंभर-सव्वाशे वर्षांची थकबाकी निघेल, हे त्या पुण्याच्या कंपनीला कोणी कळवलं नव्हतं.

शेवटी मी मास्तरकी वापरली. वर्णमालेत आधी ज येतो, मग ध, मग न. याहून निःपक्षपाती पंच कुठून आणायचा? जिभाऊ थोडा वेळ गप्प राहिले. मग वर्णमालाही जळगावच्याच कोणीतरी लावली असणार, अशी शंका काढून त्यांनी दोन नंबर घेतला. नंदुरबारच्या माणसाला कोणी विचारलं नाही. तो मोटारसायकलवर होता.

पण दोन नंबर घेतल्याची भरपाई म्हणून जिभाऊंनी एक मागणी पुढे केली : यंत्र अहिराणीत बोललं पाहिजे. मागणीत तथ्य होतं. शेतकऱ्यांसाठी केंद्र सरकारचं किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे, ते २२ भाषांत बोलतं, त्यांत अहिराणी नाही. इंग्रजांच्या राज्यात ग्रिअर्सनने हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी केली, तेव्हा मराठीला सातवा खंड दिला आणि खानदेशीला, म्हणजे आमच्या अहिराणीला, नवव्या खंडात भिली बोलींच्या शेजारी नेऊन बसवलं. म्हणजे तेव्हाही आमचा फोन भलत्याच खात्यात जोडला गेला होता. त्याच पाहणीसाठी देशभरच्या बोलणाऱ्यांचे आवाज ग्रामोफोनवर भरून घेतले गेले, आणि जिथे तिथे बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट वदवून घेतली गेली. सरकारने यंत्रात आवाज भरायचा आणि मजकूर मात्र वरून यायचा, ही रीत तेव्हाचीच.

जिभाऊंनी मजकूर स्वतःच म्हणून पाठवला. “राम राम भो. जयगावकरता एक दाबा, धुयाकरता दोन दाबा...” अहिराणीत ळ चा य होतो. म्हणजे ळ गाळला म्हणून ज्या ट्रस्टेड मेलला आम्ही नापास केलं, त्याच ळ ला जिभाऊंनीही निरोप दिला होता, फक्त मोठ्या रुबाबात. दुकानात ते ऐकून सगळे हसले. हमाल हसले, कॅशियर हसला, खताची पावती करायला आलेले दोन शेतकरीही हसले. यातले बहुतेक घरी अशाच बोलीत बोलतात. जळगावच्या बाजूचे ‘काय करू राहिला’ म्हणत असतील आणि धुळ्याच्या बाजूचे ‘काय करी ऱ्हायना’, एवढाच फरक. तरी हसले. मी त्यातल्या एकाला विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे? तो म्हणाला, “कोनी आपली नक्कल करी ऱ्हायना आसं वाटस.”

त्याचं उत्तर मला रात्री उशिरापर्यंत छळत होतं. घरच्या बोलीत कचेरी बोलली की ती चेष्टा करते असं वाटावं, इतकी वर्षं कचेऱ्यांनी आपल्याशी त्या बोलीत बोलणंच टाळलं आहे. मराठीच्या मास्तरांचा त्यात वाटा किती, हा हिशेब मी काढायला बसलो नाही. अहिराणीचा बेत मात्र त्या हसण्यात बारगळला. जिभाऊंनी तो आवाज स्वतःच्या मोबाइलला घातला, आता त्यांना कोणी फोन केला की धुळ्यासाठी दोन दाबायला सांगतो.

नमुने पुन्हा ऐकताना एक गोष्ट ध्यानात आली. आम्ही सगळे ‘नमस्कार’ ऐकून आवाज निवडत होतो. नमस्कार गिऱ्हाइकाच्या कानावर एकदाच पडतो. त्यानंतर तो जे ऐकतो ते ‘कृपया प्रतीक्षा करा’. पुन्हा कृपया प्रतीक्षा करा. परत तेच. अशा फोनचा सगळा धंदा थांबायला सांगण्याचा आहे, आणि माणूस कोणीही सांगितलं म्हणून थांबत नाही. घरात बायको ‘जरा थांबा’ म्हणते तेव्हा आपण थांबतो. तेच एखाद्या खिडकीमागच्या बाबूने म्हटलं की रक्त चढतं. तेव्हा विचारायचं ते हे, की मला थांबवायचा हक्क कोणत्या आवाजाला आहे?

मग आम्ही फक्त थांबायची वाक्यं मागवली आणि एकामागून एक लावून ठेवली. वॉर्म फीमेलने तिसऱ्यांदा त्याच गोडव्याने प्रतीक्षा करायला सांगितलं तेव्हा भाच्याने मोबाइल पालथा घातला. आवाज चांगला असून भागत नाही. २०२० सालची, फोन लावला की वाजणारी कोरोनाची ती सूचना आठवा. खोकल्याने सुरुवात व्हायची. पुढे अमिताभ बच्चन यांचा आवाज आला. अख्ख्या देशाने ज्या आवाजासाठी तिकिटं काढली, तोच आवाज फोन लावताना फुकट ऐकायला मिळू लागला, आणि काही महिन्यांत तो बंद करा म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज गेला. २०२१ च्या जानेवारीत आवाज बदलला. घाईत असलेल्या माणसाला महानायकही अडवू शकत नाही.

आणि दुसऱ्या बाजूला भुसावळ. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला थांबायचं शिक्षण त्या जंक्शनने दिलं. तिथल्या बाकड्यावर बसून आमच्या पिढीने किती रात्री काढल्या असतील. आणि वरून एक बाई शांतपणे सांगायची की गाडी अमुक तास उशिराने धावत आहे, आणि आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल खेद आहे. तिचा राग येत नसे. असा आवाज देणाऱ्या सरला चौधरी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मध्य रेल्वेत उद्घोषक म्हणून लागल्या, आणि त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित होऊन कितीतरी स्थानकांवर घुमला. पुढे आकडे, गावांची नावं आणि फलाट असे तुकडे तुकडे संगणक जोडू लागला. नीट कान दिला तर सांधे ऐकू येतात : ‘गाडी क्रमांक’ एका श्वासात, ‘एक’ दुसऱ्या दिवशीचा, ‘शून्य’ जरासा सर्दीतला. तरीही लोक त्या आवाजावर विसंबतात. इतके, की परळी वैजनाथचा श्रावण आदोडे हा तरुण त्या बाईच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो म्हणून देशभर गाजला. असं का होतं यावर माझं मत असं, की तो आवाज गाडी उशिरा आहे हे लपवत नाही. तो गोड बोलून वेळ मारून नेत नाही, बातमी देतो आणि गप्प होतो.

थांबताना मागे काय वाजवायचं, यावर एक संध्याकाळ गेली. फोनवरच्या या गाण्याची कूळकथा मोठी मजेची आहे. अमेरिकेत आल्फ्रेड लेव्ही नावाच्या कारखानदाराच्या फोनची एक सुटी तार इमारतीच्या लोखंडी तुळईला लागली. शेजारी रेडिओ केंद्र होतं. त्याचं गाणं तुळईतून तारेत आणि तारेतून फोनवर थांबलेल्या लोकांच्या कानात गेलं. लेव्हींनी १९६६ साली त्याचं पेटंट मिळवलं. म्हणजे ही जगभरची सोय एका ढिल्या वायरीतून निघाली आहे, आणि आमच्याकडे वायरमन अशी वायर दिसली की डोक्याला हात लावतो. भाच्याने बेथोव्हेनची ती प्रसिद्ध नाजूक धून लावून दाखवली. “हे तर गाडी रिव्हर्स घेतानाचं,” आप्पा म्हणाले, आणि खरंच, त्यानंतर ती ऐकताना मागे कोणी उभं नाही ना हे बघावंसं वाटे. लग्नाच्या वरातीतलं दणकेबाज अहिराणी गाणं सुचवलं गेलं, तेव्हा हमालांनी पाय हलवायला सुरुवात केली आणि सूचना आपोआप फेटाळली गेली. शेवटी काहीच वाजवायचं नाही असं ठरलं. पण शांतता असली की फोन कट झाला असं समजून लोक ठेवून देतात, म्हणून दर थोड्या वेळाने आवाजाने ‘आहे, आहे’ एवढी खूण द्यायची.

आवाज शेवटी दुकानातच सापडला. काउंटरवर एक मुलगी आहे, पारोळ्याची. पारोळा धुळे आणि जळगाव यांच्यामध्ये, महामार्गावर, म्हणजे जिभाऊंनाही हरकत घ्यायला जागा उरली नाही. दर जूनमध्ये बियाण्यासाठी दुकानासमोर रांग लागते आणि दिवसभर तिला एकच काम असतं : लोकांना थांबवणं. ‘थांबा काका, देते.’ ‘थांबा दादा, पावती होऊ द्या.’ तिच्या थांबामध्ये आर्जव नाही आणि गुर्मीही नाही. रांगेतला माणूस तिच्यावर चिडलेला मी पाहिलेला नाही. ती मात्र आधी नाही म्हणाली. तिच्या मते असा आवाज पुण्या-मुंबईकडून यायला हवा. मी तिला सांगितलं, बाई, आज जगभर कॉल सेंटरं चालवणारी विप्रो १९४५ साली तुझ्या शेजारच्या अमळनेरला सुरू झाली, तेव्हा ती वनस्पती तूप आणि साबण काढत होती. कॉल सेंटरच्या धंद्यात ती २००२ साली पडली. अमळनेरचं तूप तिथवर जाऊ शकतं, तर पारोळ्याचा आवाज धुळ्यापर्यंत जायला काय हरकत आहे? तिला हे फारसं पटलं नाही, पण भाच्याने दोन दिवसांची जादा रजा कबूल केली.

ध्वनिमुद्रण गोदामात झालं. पोत्यांच्या थप्प्या आवाज शोषून घेतात, त्यामुळे तिथे घुमत नाही; पैसे खर्चून उभारलेल्या स्टुडिओत फोम लावून जे साधतात, ते युरियाच्या गोण्यांनी फुकटात साधलं. मजकुरातून ‘प्रतीक्षा’ तिनेच काढली. ‘अत्यंत महत्त्वाचा’ आप्पांनी काढला. उरलं ते असं : “नमस्कार. जळगावसाठी एक, धुळ्यासाठी दोन, नंदुरबारसाठी तीन दाबा.” आणि मग : “थांबा, तुमचा नंबर लागलेला आहे. आधीचं गिऱ्हाईक होऊ द्या.” हे तिने चार-पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हटलं, म्हणजे परत परत तेच ऐकू येणार नाही. एका ठिकाणी मागे हमालाने पोतं टाकल्याचा धप्प असा आवाज आला आहे. भाचा तो काढायला निघाला होता. मी म्हटलं, राहू दे, माल आहे एवढं तरी कळेल.

जूनमध्ये व्यवस्था चालू झाली आणि माझ्यासारख्या परीक्षकांना न सुचलेल्या गोष्टी घडू लागल्या. पहिली अडचण बटणांची. मोबाइल कानाला लावला की पडदा काळा होतो. ‘दोन दाबा’ ऐकून माणूस फोन कानावरून काढतो, पडदा उजळेपर्यंत पुढचं वाक्य निघून जातं, मग तो घाईने फोन पुन्हा कानाला लावतो आणि पडदा पुन्हा काळा. वरखेडीकडचे एक आजोबा सरळ म्हणायचे, “तूच दाबी दे ना वं माय.” बरेच जण काहीच दाबत नाहीत. ते तिला उत्तर देतात. ‘थांबा’ म्हटलं की ‘हाव’ म्हणतात, आणि ‘तुमचा नंबर लागलेला आहे’ म्हटलं की कितवा ते विचारतात.

दुसरी अडचण खुद्द तिची. परवा एक गृहस्थ काउंटरवर आले आणि म्हणाले, “काल फोनवर तुम्हीच होत्या ना? पाऊण तास थांबा थांबा करत होत्या.” ती म्हणाली, “थांबा काका, आधी यांचं होऊ द्या.” ते थांबले.

नंदुरबारचा माणूस अजून मोटारसायकलवरच असतो, त्यामुळे तीन दाबलं तरी फोन धुळ्यालाच वाजतो. जिभाऊ तो लगेच उचलतात. दोन नंबरचा उचलायला त्यांना थोडा वेळ लागतो.